दोनशे बारा नंबरचा गहू

केडगावहून भीमेच्या अंगाला निघालं की दुतर्फा नुसता ऊस लागतो, आणि त्या उसाच्या मधोमध एक तारेचं कुंपण. आत गव्हाचं संशोधन केंद्र. तिथं हौसराव सव्वीस वर्षं नोकरीला होता. पगारपत्रकावर त्याच्या नावापुढं काय लिहिलं होतं कोण जाणे, पण काम सांगायचं तर सरळ होतं. तो पगार घेऊन गव्हाला उपाशी ठेवायचा.

आता हे थोडं उलगडून सांगायला हवं. केंद्रात दर साली साठ जातींचा गहू पेरत, आणि प्रत्येक जातीचे वाफे तीन तऱ्हांनी पडत, प्रत्येक तऱ्हेचे तीन-तीन. पहिल्या तऱ्हेला सहा पाणी आणि खताचा पुरा डोस. दुसरीला तीन पाणी, निम्मं खत. तिसरीला पेरताना जमिनीत असेल ती ओल, मग चाळिसाव्या दिवशी एकच पाणी, आणि खत चिमूटभरही नाही. साहेब लोकांच्या कागदावर या तऱ्हांना इंग्रजी नावं होती. मजुरांनी आपली पोटभर, अर्धपोटी आणि उपाशी अशी नावं पाडून ठेवली होती, आणि तीच सगळ्यांच्या तोंडी बसली होती, साहेबांच्यासुद्धा.

पोटभर वाफ्यात कुठलाही गहू शहाण्यासारखा वागतो. परीक्षा असते ती उपाशी वाफ्यात. कुठली जात कोरड्या पोटानं किती दाणे देते हे कळायचं तर उपाशी वाफा खरोखर उपाशी राहिला पाहिजे. ऐकायला सोपं आहे. पण शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेल्या माणसाला ते जमत नाही. शेजारून पाट भरून चालला आहे, कडेला पिकानं माना टाकल्या आहेत आणि आपल्या हातात फावडं आहे. एक फावडं मारलं की पाणी आत. कुणाचे हात शिवशिवणार नाहीत? केंद्रानं हौसरावच्या आधी चार माणसं ठेवून पाहिली. चौघांनीही दया दाखवली आणि चौघंही घरी गेले.

हौसरावचे हात शिवशिवले नाहीत. तो वडगाव रासाईचा. गाव नदीकाठचं, पण त्याच्या बापाचं दीड एकर रान गावाच्या वरच्या माळावर, जिथून भीमा नुसती दिसायची. लहानपणी त्यानं चार सालांतली तीन सालं गहू चिकात, दाणा दुधाळ असतानाच वाळलेला पाहिला होता. मरणाऱ्या गव्हाकडं बघायची नजर त्याला घरूनच मिळाली होती. त्याला एकच वेड होतं: त्या माळावर एका पाण्यात उभा राहील असा गहू या केंद्रातून निघावा. त्यासाठी बाकीचे एकोणसाठ मेले तरी त्याची हरकत नव्हती.

माणूस कामाला असा चोख, की बघणाऱ्याला त्याचा राग यावा. मजूर बायका सुटल्या की तो फाटकात उभा राहायचा. केंद्राचं बी बाहेर जाता कामा नये असा नियम होता. बायकांना तो पदराच्या गाठी सोडून झटकायला लावायचा. त्याची बायको झुंबरबाई तिथंच रोजावर पाखरं राखायला होती. इतर बायका आपला पदर आपणच झटकत. झुंबरबाईचा मात्र तो स्वतः सोडून बघायचा, सगळ्यांदेखत. तिच्या पदरात कधी काही निघालं नाही. तरी तो रोज बघायचा, आणि ती रोज पदर पुढं करायची.

अकरा वर्षांपूर्वी त्याच्या हाताखाली इलाही नावाचा माणूस होता, केडगावचाच, हसऱ्या तोंडाचा. एका जानेवारीत हौसरावला उपाशी वाफ्यांच्या एका ओळीत पायाला गारवा लागला. काळ्या रानाला पाणी नसलं की भेगा पडतात, हात जाईल एवढाल्या. त्या ओळीतल्या भेगा मिटलेल्या होत्या. त्यानं इलाहीला विचारलं. इलाही खोटं बोलला नाही.

"आप्पा, बघवंना ओ. डोळ्यादेखत जीव सुकत व्हता. येकदाच दिलं. याच साली. तुमची आन."

हौसरावनं त्याला हाताला धरून ऑफिसात नेलं. तेव्हा तिथं मारुतराव म्हणून मोठे साहेब होते, मऊ स्वभावाचे. ते म्हणाले, या सालाचे आकडे सोडून देऊ, आधीचे तर बरोबरच असतील. त्यावर हौसराव जे बोलला ते साहेबांनी तपासणीच्या रजिस्टरात जसंच्या तसं उतरवून घेतलं, कारण त्यांना ते पटलं.

"सायेब, येकदा ज्यानं पाणी दिलं त्यानं आधी दिलं नसंल कशावरनं? त्याच्या हातचं सगळंच बाद धराया पायजे."

सगळंच बाद धरलं. इलाहीची नोकरी गेली. त्याच्या वाफ्यांतल्या सात जाती, पाच-पाच वर्षं वाढवलेल्या, एका दुपारी कचऱ्यात गेल्या. इलाहीनं पुढं केडगावात स्टेशनकडच्या बाजूला पिठाची गिरणी टाकली. हौसराव त्या गिरणीची पायरी कधी चढला नाही. दळण झुंबरबाईच न्यायची.

आणि मग पुढच्याच साली हौसरावला ती ओंबी दिसली. उपाशी वाफ्यात, वाळलेल्या गर्दीत, एकटं एक झाड हिरवं होतं. भर दुपारी त्याची पानं लांबीनं गुंडाळून सुतळीएवढी बारीक झाली होती, बघणाऱ्याला वाटावं की हे मेलंच. पण सूर्य कलला की तीच पानं पुन्हा उलगडायची. हौसराव तीन दिवस सकाळ, दुपार, संध्याकाळ त्या झाडापाशी बसला, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं: हे झाड दुपारी अंग चोरून घेतं, म्हणजे आतली ओल उडत नाही. त्यानं ओंबीला दोरा बांधला आणि मारुतराव साहेबांना बोलावून आणलं. साहेब गुडघ्यावर बसून बघत राहिले. म्हणाले, "हौसराव, हे टिकलं तर जातीच्या कागदावर निवड करणारा म्हणून तुमचं नाव लिहीन."

तीच दोनशे बारा; केंद्राच्या वहीत त्या जातीला पडलेला नंबर. एका ओंबीचे चाळीस दाणे, त्या चाळीस दाण्यांच्या चाळीस ओळी, ओळींतून निवड, पुन्हा पेर, पुन्हा निवड. दहा वर्षं गेली. मारुतराव साहेब निवृत्त झाले, त्यांच्या जागी अपेक्षा मॅडम आल्या, हुशार आणि काटेकोर. सलग तीन वर्षं दोनशे बारा उपाशी वाफ्यात पहिली आली. पोटभर वाफ्यात ती मधल्या नंबरात रेंगाळायची, त्याचं हौसरावला काही नव्हतं. हे चौथं साल शेवटचं. याही साली टिकली की पुढं सरकारी चाचणीला, आणि तिथून माळावाल्यांच्या हाती. मे महिन्यात हौसराव रिटायर होणार होता. आयुष्यभराच्या उपाशी मारण्याचं त्याला एवढंच फळ हवं होतं.

हे सगळं त्यानं झुंबरबाईला कधी सांगितलं नाही. सांगायचं असतं हेच त्याला ठाऊक नव्हतं. ती दहा वर्षं त्याच वाफ्यांच्या बांधावर गोफण घेऊन उभी होती, तरी पानं का गुंडाळतात हे तिला माहीत नव्हतं. तो वाफ्यात गेला की ती पाखरांमागं दुसऱ्या टोकाला, आणि घरी दोघं जेवत ती गप्पच. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हा पाटीवरचे आकडे त्याला दिसेनात. म्हणून त्यानं तिचं जुनं हिरवं लुगडं फाडून दोनशे बाराच्या तिन्ही उपाशी वाफ्यांच्या खुंट्यांना चिंध्या बांधल्या. त्यासाठी लुगडं मागितलं, तेवढाच त्या गव्हाबद्दल दोघांचा संवाद.

जानेवारीच्या शेवटी डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली, शिरूरला. लेक अनिता तिथंच दिलेली, म्हणून आठ दिवस तिच्याकडं राहायचं ठरलं. निघताना पिशवी खांद्याला लावून हौसराव बायकोला म्हणाला, "औंदा शेवटचं साल हाय. ती चिंध्यांची गेली तर माझं समदं गेलं. पाखरांवर ध्यान ठेव."

चाळीस वर्षांच्या संसारात तो इतकं मोकळं पहिल्यांदाच बोलला होता. झुंबरबाईला गलबलून आलं. आपल्या माणसाचं सगळं त्या तीन वाफ्यांत आहे आणि ते आपल्या हवाली केलं आहे, एवढं तिला कळलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती चिंध्यांच्या वाफ्यांपाशी गेली. पानांच्या सुतळ्या झालेल्या. रानाला हातभर भेगा. ऊन कलायच्या आत सुट्टी होई, आणि ती लगेच घरी जायची, स्वैपाकाला. कलत्या उन्हात तीच पानं उलगडतात ते तिनं कधी पाहिलंच नव्हतं. तिला वाटलं, चाललं. सगळं चाललं.

तो महिन्यातला चौथा शनिवार, ऑफिस दोन दिवस बंद. तिनं हंडा घेतला. गुडघे साठीचे, उजवा तर पायरी चढताना खटकायचा. पाइपाच्या व्हॉलपासून, म्हणजे पाणी सोडायच्या चावीपासून, वाफ्यापर्यंत शंभर-सव्वाशे पावलं. गोफणीचे खडे तिच्या ओट्यात होतेच. दर हंड्याला एक खडा ती बांधावर ठेवत गेली. एका वाफ्याला बावीस हंडे ओतल्यावर पाणी वर तरळलं. मग दुसरा वाफा. रविवारी ऊन कलायच्या आत बांधावर सहासष्ट खडे झाले. फाटकावरच्या राखणदार पप्पूनं तिला दोन दिवस हंडा नेताना पाहिलं आणि त्याला वाटलं, म्हातारी धुणं काढतेय. बाकीच्या वाफ्यांना तिनं थेंब दिला नाही. तिला नियम माहीत होता. तिनं तो फक्त नवऱ्यासाठी मोडला.

मंगळवारी हौसराव आला, डोळ्यावर काळा चष्मा. अनिता अजून चार दिवस राहा म्हणत होती, पण तो ऐकतो कुठला. बारा वाजता पिशवीही खाली न ठेवता तो वाफ्यांत शिरला. दोन वर्षांनी त्याला सगळं लख्ख दिसत होतं. पहिली हिरवी चिंधी दिसली. मग तिच्या खालचा गहू. भर उन्हात पानं तलवारीसारखी सरळ पसरलेली. रानात एक भेग नव्हती.

तो तिसऱ्या वाफ्यापर्यंत जाऊन आला. मग बांधावरचे खडे त्याला दिसले.

झुंबरबाई गोफण टाकून लगबगीनं आली. तोंडभर हसत होती. "वाचलं न्हवं? म्या म्हनलं तुमी येस्तवर जातंय का काय."

इथं एक गोष्ट सांगून टाकतो. मॅडमनी वाफ्यांची ओल मोजायची ती त्या महिन्याची मोजून झाली होती. तो गप्प बसला असता तर कुणाला काडीचाही पत्ता लागला नसता. चार दिवसांत वरची माती सुकली असती, दोनशे बारा पहिली आली असती, आणि कागदावर त्याचं नाव चढलं असतं. हे त्याच्याही मनात आलं, खोटं कशाला बोला. पण त्या पाठोपाठ गिरणीतला इलाही मनात आला. ज्या तोंडानं त्याला बोललो त्या तोंडानं गप्प कसं बसायचं? शिवाय हौसरावला वाटलं, जाईल ते हे एक साल. मागची तीन सालं आहेत की साक्षीला.

"चल," तो म्हणाला.

"कुठं?"

त्यानं तिला हाताला धरलं आणि ऑफिसात नेलं, इलाहीला नेलं होतं तसंच. तिच्या चपला बांधावरच राहिल्या.

अपेक्षा मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. त्या स्वतः वाफ्यात जाऊन आल्या, माती हातात घेऊन पाहिली, परत येऊन खुर्चीत बसल्या. "काका, साठ जाती आहेत. पाणी मिळालं ते फक्त तुमच्या जातीला, आणि तेही तिन्ही वाफ्यांना. जाती पास करणाऱ्या कमिटीला मी काय सांगू?"

"औंदाचं बाद करा मॅडम. मागची तीन सालं हायेत."

"मागच्या तीन सालांतही काकू तिथंच होत्या ना?"

झुंबरबाई कोपऱ्यात उभी होती, पाय धुळीनं भरलेले. ती म्हणाली, "न्हाई ओ बाई. येकदाच दिलं. याच साली. ह्यांची आन."

हे शब्द हौसरावनं आधी ऐकले होते.

मॅडमनी कपाटातून जुनं रजिस्टर काढलं. त्यांचा काही दोष नव्हता. असा प्रसंग केंद्रात आधी घडलाय का ते त्या बघत होत्या, आणि घडलेला होता. त्यांनी मारुतराव साहेबांच्या अक्षरातलं वाक्य मोठ्यानं वाचलं. एकदा ज्याने पाणी दिले त्याने आधी दिले नसेल कशावरून, त्याच्या हातचे सर्वच बाद धरावे. खाली लिहिलं होतं, सूचना हौसराव यांची.

"हाच नियम लागेल, काका. मला दुसरा करता येणार नाही."

बोलायचं होतं ते हौसरावनं अकरा वर्षांपूर्वी बोलून ठेवलं होतं. मग तो बायकोकडं वळला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं तिला आपला गहू समजावून सांगितला, सगळ्या स्टाफसमोर, एकेक शब्द दाताखाली चावत. "त्याला तहान न्हवती. दुपारचं ते अंग चोरून घेतंय. सांजंला पानं उघडतेत. धा वर्सं बांधावर हुबी व्हतीस, येक दिस सांजंला थांबून बघितलं असतंस तर कळलं असतं. तू मारलास त्याला. पाणी पाजून मारलास."

स्वैपाक कुणासाठी करायला ती लवकर जायची, हे त्याला सुचलं नाही. तिलाही सुचलं नाही. तिनं मान खाली घातली आणि म्हणाली, "चुकलं माजं."

आठवड्यात कमिटीचा कागद आला, दोनशे बारा बाद. तिन्ही वाफे हौसरावनं स्वतःच्या हातानं हिरवे कापले आणि केंद्राच्या बैलांना घातले. ओंब्यांत चीक भरला होता, टंच. कोठीत दोनशे बाराचं मागल्या सालचं तेवीस किलो बी होतं, त्याची जागा नव्या जातींना हवी होती. मॅडमना वाईट वाटलं. म्हणाल्या, "काका, तुम्हीच घेऊन जा, खायला. फक्त बी म्हणून कुणाच्या रानात जाऊ देऊ नका. दुसऱ्या कुणाला दिलं नसतं. तुमच्यावर विश्वास आहे."

विश्वास आहे म्हटल्यावर दळण बायकोच्या हवाली कसं करणार? अकरा वर्षांत पहिल्यांदा हौसराव इलाहीच्या गिरणीची पायरी चढला. डोक्यावर गोणी, मागं डबा घेऊन झुंबरबाई.

इलाही पिठानं पांढरा झाला होता, भुवयांसकट. त्यानं "या आप्पा" म्हटलं आणि गोणीला हात दिला. ना टोमणा, ना कुचकं हसणं. हौसरावला तेच जास्त लागलं. इलाहीनं मूठभर गहू तळव्यावर घेऊन चोळला, एक दाणा दातानं फोडला.

"लई गुणाचा दाणा हाय. कंचा हो ह्यो?"

"ह्यांचाच," झुंबरबाई म्हणाली. "ह्यांनी काढल्याला."

"मग बियाला ठेवला न्हवं थोडा?"

हौसरावनं गोणीचं तोंड सोडलं आणि गहू गिरणीच्या तोंडात ओतला. इलाहीनं बटण दाबलं. गोणी झटकून हौसराव वळला, आणि सव्वीस वर्षं फाटकात घालवलेल्या त्याच्या नजरेला ते दिसलं. झुंबरबाईच्या पदराच्या टोकाला गाठ होती. बोराएवढी.

तिनं पदर मागं घेतला. जन्मात पहिल्यांदा मागं घेतला.

"ऱ्हाऊ द्या येवढं," ती म्हणाली. "मूठभर बी न्हाईत. वडगावच्या माळावर टाकीन, आपल्याच रानात. कुनाला सांगनार न्हाई. सांजंला रोज जाऊन बघीन पानं."

हौसरावनं हात पुढं केला. ती थोडा वेळ पदर धरून उभी राहिली, मग सवयीनं तिची मूठ सैल झाली. त्यानं गाठ सोडली, एक दाणाही न सांडता. दाणे तळव्यावर घेतले. पन्नास-साठ असतील, एका ओंबीचे चाळीस होते, तिथून हे सगळं सुरू झालं होतं, आणि तेवढ्यावर ते पुन्हा सुरू होऊ शकत होतं. हे त्या गिरणीत त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

इलाहीनं बटण बंद केलं. "आप्पा, ह्ये म्या न्हाई दळनार."

गिरणी घरघरत थांबली. हौसरावनं तळवा उपडा केला आणि दाणे आत पडल्यावर, इलाहीच्या अंगावरून हात लांबवून, बटण स्वतः दाबलं.

पीठ गरम आलं. रात्री झुंबरबाईनं त्याच्या चपात्या केल्या, मऊसूत झाल्या, चपातीचा पदर न् पदर सुटत होता. तिनं त्याचं ताट वाढलं आणि भिंतीला टेकून बसली.

"तू?" हौसरावनं विचारलं.

"मला न्हाई जायची. ऱ्हाते उपाशी."

त्यानं आग्रह केला नाही. तिच्याकडं बघत बघत त्यानं सावकाश चार चपात्या खाल्ल्या आणि हात धुतला.